खालचं पाणी आधी फिरतं

मित्रांनो, मी एक जुना प्रवाहमापक आहे. बंगालच्या उपसागराच्या पोटात काय चालतं, हे मला जितकं ठाऊक आहे तितकं आज या पृथ्वीतलावर क्वचितच कुणाला ठाऊक असेल. जिथे सूर्याचा किरण पोचत नाही अशा काळोखात मी समुद्राची गुपितं मोजली आहेत. सध्या मी कोलशेतच्या एका टॉवरमध्ये, सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत उभा असतो आणि माझ्या शेपटीवर पायपुसणं वाळत घालतात.

दिसायला मी फारसा नाही. हातभर लांबीची जाडजूड पोलादी नळी, डोक्यावर भिरभिऱ्यासारखं एक चक्र आणि पाठीला माशासारखं रुंद शेपूट. पाणी किती वेगाने चाललंय ते चक्र सांगतं, कुठे चाललंय ते शेपूट दाखवतं, आणि पोटातली फीत ते सगळं मुकाट टिपून ठेवते. माझ्याकडे पाहून लोकांना विज्ञानाबद्दल आदर वाटावा अशी माझी अपेक्षा असे. पण आजवर मला आग विझवायचं नळकांडं म्हटलं गेलंय, दुधाचा कॅन म्हटलं गेलंय, आणि आम्ही वर्तकनगर सोडून इथे राहायला आलो त्या दिवशी इथल्या वॉचमनने मला बॉम्ब ठरवून अर्धा तास गेटबाहेर उभं केलं होतं.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. आम्ही तिघे भाऊ एकाच खोक्यातून बोटीने भारतात आलो. ज्या सरकारी संशोधन संस्थेने आम्हाला मागवलं होतं तिथे खोकं उघडायला एक सडपातळ, चष्मा लावलेले, फार न बोलणारे तरुण शास्त्रज्ञ आले. ते त्र्यंबकराव. मूळचे आंबिवलीचे. वडील लवकर गेलेले. घरी आई आणि थोरली बहीण शालन, जिने शाळेत शिकवून ह्यांना शास्त्रज्ञ होऊ दिलं. त्र्यंबकरावांनी आम्हाला हळूच बाहेर काढलं, तिघांची चक्रं एकेका बोटाने फिरवून पाहिली आणि आमची नावं ठेवली: थोरला, मधला आणि धाकटा. मी मधला. शास्त्रीय अहवालात आम्हाला नंबर होते, पण अहवाल वाचतो कोण.

दसऱ्याला संस्थेच्या भांडारात यंत्रांची पूजा व्हायची. त्र्यंबकरावांचा विश्वास फक्त मोजता येईल त्याच्यावर होता, पण दसऱ्याची गोष्ट वेगळी. ते आम्हाला झेंडूचे हार घालत आणि चक्रावर हळदकुंकू वाहत. त्यातली थोडी हळद माझ्या चक्राच्या खोबणीत गेली ती गेलीच. चक्र फिरताना तेव्हापासून एक बारीक कुरकुर होते. ही कुरकुर लक्षात ठेवा मित्रांनो, पुढे तिच्यामुळे एका घराची झोप उडाली.

मग आम्हाला समुद्रात सोडलं. खूप लांब एक दोर, वरच्या टोकाला तरंगणारे गोळे, मध्ये अंतराअंतरावर आम्ही तिघे, आणि तळाशी नांगर म्हणून रेल्वेच्या डब्यांची जुनी चाकं. ती कल्याणच्या यार्डातली असावीत असं त्र्यंबकराव म्हणत. बिचाऱ्या चाकांना आयुष्यभर धावून शेवटी एका जागी बसायची सक्ती झाली होती. थोरला सर्वांत खाली होता, चाकांच्या जवळ.

त्या उपसागराची एक खोड आहे. मोठमोठ्या नद्या त्यात गोडं पाणी आणून ओततात. ते हलकं, म्हणून वर पसरतं. खालचं खारं आणि जड. दोन्ही पाणी एकमेकांवर झोपतात, पण मिसळत नाहीत. एका स्वयंपाकघरातल्या दोन जावांसारखी. आणि जिथे दोघांची हद्द लागते, तिथे लाटा उठतात. किनाऱ्यावर बसून भेळ खाताना दिसतात त्या लाटा नव्हेत. ह्या आतल्या लाटा. त्यांना फेस नसतो, आवाज नसतो. ह्या सातव्या मजल्याला गिळतील एवढ्या उंच असतात, आणि वर जहाजावर पत्ते खेळणाऱ्याच्या कपातला चहासुद्धा हलत नाही.

मला त्या कशा कळायच्या? मी उबदार पाण्यात निवांत लटकलेला असे. मग खालून काहीतरी यायचं. आधी शेपूट वळे, सावकाश, कुणीतरी खांद्याला धरून वळवावं तसं. मग एकदम गारठा. अंधारातून अख्खा डोंगर वर येऊन मला पोटात घ्यायचा आणि पुढे निघून जायचा. चक्र गरगरायचं. पुन्हा ऊब, पुन्हा शांतता. खाली थोरल्याचं चक्र माझ्या आधी फिरायचं. त्याची थरथर दोरातून माझ्यापर्यंत यायची, आणि मला कळायचं, आला. मी अंधाराला कधी घाबरलो नाही, कारण माझ्या आधी तो घाबरून घ्यायचा.

एके दिवशी ती थरथर आली आणि थांबलीच नाही. डोंगर आला, पण या वेळी त्याच्यामागे दुसरा होता आणि दुसऱ्यामागे तिसरा. दोर ताणला गेला, वाकला, आणि माझ्या खाली कुठेतरी तुटला. आवाज झाला नाही. नुसतं खालचं वजन गेलं. गोळ्यांनी मला आणि धाकट्याला वर ओढून नेलं. वर आलो तर लख्ख ऊन होतं आणि समुद्र तेल सांडल्यासारखा गुळगुळीत.

थोरला खालीच राहिला. त्या चाकांजवळ. त्याची फीत केव्हाच भरून गेली असेल, पण पाणी वाहतं तोवर चक्र फिरतंच. कुणी वाचणार नाही असं मोजमाप तो करत बसला असेल. गॅलरीत दुपारी सगळं सामसूम झालं की मला अजून त्याची थरथर जाणवते. इथे दोर नाही, पाणी नाही. तरी जाणवते.

आम्ही हरवलो म्हणून जहाज आम्हाला शोधत फिरत होतं. आम्ही सापडलो, त्याच दिवशी वायरलेसवर निरोप आला की त्र्यंबकरावांची आई अत्यवस्थ आहे. पुढचं फक्त मी पाहिलंय. त्र्यंबकराव कप्तानाकडे गेले आणि जहाज मागे वळवता येईल का असं त्यांनी विचारलं. कप्तान वाईट माणूस नव्हता. त्याने समजावून सांगितलं की हे जहाज आहे, रिक्षा नाही. बंदर खूप दूर आहे आणि अजून दोन दोर काढायचे बाकी आहेत. त्र्यंबकरावांनी पुन्हा विचारलं. कप्तानाने पुन्हा तेच सांगितलं. मग ते डेकवर माझ्याशेजारी येऊन बसले आणि एका बोटाने माझं चक्र फिरवू लागले. थांबलं की पुन्हा फिरवायचे. संध्याकाळपर्यंत. समोरचा समुद्र तसाच गुळगुळीत होता आणि त्यांचा चेहराही.

ते आंबिवलीला पोचले तेव्हा तेरावासुद्धा उरकला होता. अग्नी चुलतभावाने दिला होता. साहेब हरवलेलं यंत्र शोधायला समुद्रात आहेत, एवढंच संस्थेने घरी कळवलं होतं. त्र्यंबकरावांच्या पत्नी, वासंतीबाई, तेव्हा नव्या नवरी होत्या आणि दाराशीच उभ्या होत्या. त्यांनी मला हे नंतर इतक्यांदा सांगितलं आहे की मी तिथे असल्यासारखंच वाटतं. शालनताईंनी भावाला आत येऊ दिलं, पाणी दिलं आणि एवढंच विचारलं, "मिळालं का यंत्र?"

त्र्यंबकराव म्हणाले, "मिळालं."

संपलं. त्यानंतर बहीण-भावात लग्नाच्या पत्रिका गेल्या-आल्या, दिवाळीचा फराळ डब्यातून गेला-आला, पण बोलणं गेलं नाही. 'मी कप्तानाला दोनदा विचारलं होतं', एवढं एक वाक्य त्र्यंबकरावांनी बहिणीला कधी सांगितलं नाही. वासंतीबाईंनाही नाही. का, ते मला विचारू नका. मी पाण्याचा वेग मोजतो.

पुढे नवी यंत्रं आली. धाकट्याचे सुटे भाग काढून घेतले. मला निर्लेखित केलं, म्हणजे कागदोपत्री मी मेलो. त्र्यंबकराव निवृत्त होताना मला मागून घेऊन आले. वर्तकनगरच्या त्यांच्या गॅलरीत, तुळशीच्या कुंडीशेजारी माझी सोय झाली. दर दसऱ्याला हळदकुंकू चालूच राहिलं. एरवी संध्याकाळी ते खुर्ची टाकून माझ्याशेजारी बसत, आणि बोलत काहीच नसत. वासंतीबाई आतून म्हणत, "त्याच्याशी गप्पा झाल्या असतील तर जेवायला या."

गेल्या माघात त्र्यंबकराव गेले. झोपेतच. डॉक्टर म्हणाले, काहीच लक्षण नव्हतं. वरून दिसत नव्हतं, एवढंच.

मुलगा स्वानंद कोलशेतला राहतो, त्यामुळे सोयीचं म्हणून अस्थी इथल्याच खाडीत सोडल्या. ओहोटी बघून सोडल्या, म्हणजे थेट समुद्रात जातील. दहावाही खाडीकाठच्याच घाटावर झाला. आणि तिथे कावळा शिवेना.

मी तिथे नव्हतो, पण त्या दिवसाची हकिकत या घरात इतक्या जणांनी इतक्या प्रकारे सांगितली आहे की मला ती फितीवर टिपल्यासारखी पाठ आहे. पिंड मांडलेला. वर आकाश रिकामं. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, ज्याला जे सुचेल त्याने ते बोला. तेव्हा चुलतभाऊ पुढे होऊन म्हणाले, वहिनींना काही कमी पडू देणार नाही. कावळा नाही. स्वानंदची बायको क्षिप्रा म्हणाली, बाबा, तुमच्या नातवाला, आर्यनला, मराठी वाचायला शिकवू. कावळा नाही. वर्तकनगरच्या सोसायटीचे सेक्रेटरी साईनाथ आले होते. त्र्यंबकरावांनी पाण्याच्या पंपाच्या आवाजाबद्दल त्यांच्याकडे वर्षानुवर्षं तक्रारी केल्या होत्या. त्यांनी हात जोडून सांगितलं, काका, उद्याच्या उद्या पंप बदलतो. वास्तविक इमारत पाडायला निघाली होती. कावळ्याला ते माहीत असावं.

ऊन चढलं. गुरुजी दर्भाचा कावळा करू का विचारू लागले, कारण त्यांना पुढे डोंबिवलीला जायचं होतं. वासंतीबाईंच्या चेहऱ्याकडे बघवेना. शालनताई आल्या होत्या. त्या सगळ्यांपासून लांब, पिंपळाखाली एकट्या उभ्या होत्या आणि काही बोलत नव्हत्या. तेव्हा स्वानंद, जो कंपनीत ग्राहकांची समजूत घालायचंच काम करतो, पुढे झाला आणि म्हणाला, "बाबा, तुमचं ते यंत्र आम्ही परत समुद्रात सोडतो."

कावळा आला.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, स्वानंदची पाठ थोपटली, आणि जेवायला बसले. माझं काय ते मला कुणी विचारलं नाही.

मित्रांनो, माणसं कावळ्याला वचन देतात तेव्हा त्यांच्या मनात सत्य असतं आणि पोटात भूक असते. जेवण झालं की दोन्ही उरत नाहीत. वर्तकनगरचं घर रिकामं करायचं होतं, वासंतीबाईंना इकडे आणायचं होतं. मीही आलो. मग मला सोडायचं कुठे यावर चर्चा झाल्या. बंगालचा उपसागर भारताच्या दुसऱ्या बाजूला आहे ही अडचण नकाशा पाहून लक्षात आली. स्वानंदने संस्थेला मेल केला की आमच्याकडचं यंत्र पुन्हा समुद्रात सोडायचंय. संस्थेने कळवलं की असं कोणतंही यंत्र अस्तित्वात नाही. शेवटी स्वानंद म्हणाला, पाणी काय, सगळीकडे एकच. क्षिप्रा म्हणाली, "मग बादलीत बुडवून काढ आणि मोकळा हो." विषय थांबला. माझ्यावर पायपुसणं आलं.

पण वासंतीबाईंचा विषय थांबला नव्हता. त्यांच्या खोलीची खिडकी गॅलरीत उघडते, आणि गॅलरीतून खाली खाडी दिसते. भरती, ओहोटी, सगळं. त्यांनी माझी कुरकुर ऐकायला सुरुवात केली. वाऱ्याने मी फिरतो, त्यात काही नवल नाही. पण वारा पडलेला असताना, पडदासुद्धा हलत नसताना, भर दुपारी माझं चक्र हळूच एक फेरा घेई. वासंतीबाई उठून बाहेर येत आणि कठड्याशी उभ्या राहत. एकदा त्यांना दिसलं की खाली खाडीचं पाणी नेमकं तेव्हाच वळायला लागलंय. दुसऱ्यांदाही तेच. मग त्या ऐकायच्या आधीच येऊन उभ्या राहू लागल्या. आम्ही दोघं वाट बघायचो. आणि मी फिरायचो. मी का फिरतो ते मलाही ठाऊक नाही. माझ्यात आता काही चालू नाही.

"काय राहिलंय तुमचं?" त्या मला विचारत. मला म्हणजे कुणाला, ते त्यांनी स्पष्ट केलं नाही आणि मीही विचारलं नाही.

भाद्रपदात पितृपंधरवडा लागला. पहिल्या वर्षी करायचं नसतं, असं गुरुजींनी फोनवर सांगितलं. पण आसपासच्या प्रत्येक गॅलरीत, प्रत्येक गच्चीत लोक भाताचे घास ठेवत होते, काव काव करत होते. आमच्या गॅलरीत घास नव्हता. तरी एक कावळा रोज येई आणि माझ्या शेपटीवर, पायपुसण्यावर, बसून आत बघे. वासंतीबाईंनी दोन दिवस ते सहन केलं. तिसऱ्या दिवशी त्यांचं जेवण ताटात तसंच राहिलं.

स्वानंदला त्या म्हणाल्या, "तू शब्द दिलायस."

"आई, मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललेलो. कावळा येत नव्हता, सगळे थांबलेले."

"त्यांनी ते खरं मानलं. ते अडकलेत इथे. मला ऐकू येतं."

"बेअरिंगचा आवाज आहे तो. मी तेल घालतो ना."

"तेल घालू नकोस," वासंतीबाई म्हणाल्या, आणि असं म्हणाल्या की स्वानंदने दुसऱ्याच दिवशी रजा टाकली.

शालनताईंना वासंतीबाईंनीच फोन करून बोलावलं. म्हणाल्या, वन्सं, ह्यांच्या आंबिवलीच्या घरातलं असं आता तुम्हीच उरलात, तुम्ही हव्यात. शालनताई आंबिवलीहून आल्या. ऐंशी ओलांडलेल्या, ताठ, हातात स्वतःची पाण्याची बाटली. गॅलरीत येऊन त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ज्याच्यामुळे भाऊ आईला शेवटचं भेटला नाही ते हे, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

"एवढंसंच आहे," त्या म्हणाल्या.

कोलशेतच्या घाटावर महिपत नावाचे होडीवाले आहेत. विसर्जनाच्या दिवसांत गणपती मध्यापर्यंत नेतात, एरवी जाळी टाकतात. खाडीत काही टाकायला मनाई आहे असा मोठा फलक घाटावर आहे आणि त्याच्याखाली निर्माल्याचा ढीग आहे. स्वानंदने लाइफ जॅकेट घातलं. दोघी बायकांनी नाही घातलं. महिपतने मला उचलून होडीत ठेवलं आणि विचारलं, "ह्यो काय हाय, आजी?"

"ह्यांचं आहे," वासंतीबाई म्हणाल्या. महिपतने पुढे काही विचारलं नाही.

ओहोटी चालू होती. अस्थी सोडल्या त्याच जागी महिपतने होडी धरली. पाण्यावर झेंडूची फुलं, थर्माकोलचे तुकडे, फेस, सगळं समुद्राच्या दिशेने निघालं होतं. मला तसंच धपकन टाकायचं नाही, दोराने सावकाश सोडायचं, असं ठरलं होतं. टोक वासंतीबाई धरणार, आणि मी तळाला टेकलो की सोडून देणार. स्वानंदने हात जोडले. मी पाण्यात गेलो.

किती वर्षांनी. आधी वरचं पाणी लागलं. गढूळ, पावसाचं, साबणाचं, उल्हास नदीने वाटेत जे जे उचललं त्या सगळ्याचं. ते मला समुद्राकडे ढकलत होतं. चक्र कुरकुरत फिरू लागलं. जुनी हळद सुटली असावी, कुरकुर थांबली. मग मी आणखी खाली गेलो, आणि शेपूट वळलं. सावकाश. कुणीतरी खांद्याला धरून वळवावं तसं.

खाली दुसरं पाणी होतं. खारं, जड, गार. आणि ते उलट चाललं होतं, आत. वर अजून ओहोटी, आणि तळाशी भरती केव्हाच लागलेली. दोघांच्या हद्दीवर लाटा होत्या. गुडघाभर असतील-नसतील. पण त्याच. त्यांचा ताल तोच. एक आली, तिच्यामागे दुसरी, दुसरीमागे तिसरी. गेल्या गणपतींचे लोखंडी सांगाडे चिखलात उभे होते, आणि त्यांच्यामधून कुठूनतरी, माझ्याही आधी, एक चक्र फिरल्याची थरथर दोरात आली. इथे दुसरं चक्र नाही. तो उपसागर इथून अख्खा देश ओलांडून आहे. मला ठाऊक आहे. तरी आली.

वर होडीत दोर वाकला होता. वरची फुलं समुद्राकडे चालली होती आणि दोर नेमका उलट्या बाजूला, होडीखालून आत, ओढला जात होता. वासंतीबाईंच्या हाताला ओढ लागली. त्यांनी दोर आणखी घट्ट धरला.

"हे कोण ओढतंय?" त्या म्हणाल्या. हळूच म्हणाल्या, पण स्वानंदने होडीची कड धरली.

"खालचा पानी फिरला, आजी," महिपत म्हणाले. "ह्या जागंला आसाच हाय. वरचा भायेर जाते, खालचा आतमंदी."

वासंतीबाई त्या वाकलेल्या दोराकडे बघत राहिल्या. "आत म्हणजे कुठे?"

महिपतने हात वर केला आणि वळण दाखवलं. काल्हेर, मग डोंबिवली, कल्याण, आणि नदी धरून तसंच पुढं गेलं की आंबिवली.

 त्र्यंबकरावांच्या अस्थी याच जागी, अशाच ओहोटीला सोडल्या होत्या. मडकं बुडालं होतं, सगळ्यांनी पाहिलं होतं. बुडालं म्हणजे खाली गेलं. खालचं पाणी कुणी पाहिलं नव्हतं.

शालनताई बाटलीतलं पाणी प्यायल्या आणि त्यांनी झाकण नीट लावलं. मग म्हणाल्या, "म्हणजे आला होता. उशिराच. नेहमीसारखा."

असं म्हणून त्यांनी पुढे सरकून दोराला हात घातला. वासंतीबाईंच्या हातांच्या मधोमध. दोघींचे हात ओढीबरोबर हलत होते. मग शालनताई म्हणाल्या, "वासंती, वर घे गं त्याला. एकटा काय करील खाली."

"पण वन्सं, शब्द दिलाय."

"पाण्यात सोडतो म्हणालेला ना हा? सोडलं. परत काढणार नाही, असं कुठे म्हणालेला?"

स्वानंदने मान डोलावली. करार वाचायची त्याला सवय होती.

दोघींनी मला ओढून वर घेतलं. तळाची थरथर दोरातून एकदा येऊन सुटली. मी होडीत दोघींच्या मध्ये गळत पडलो, माझ्या चक्रात एक झेंडूची पाकळी अडकलेली. शालनताईंनी ती काढली आणि मग, उगीचच, एका बोटाने चक्र फिरवलं. थांबल्यावर पुन्हा फिरवलं. मित्रांनो, त्यांच्या भावाने त्या दिवशी डेकवर अगदी हेच केलं होतं, असंच एका बोटाने, आणि कप्तानाला दोनदा विचारून झाल्यावर केलं होतं. ते ठाऊक असणारा त्या होडीत मी एकटाच होतो. मी मोजतो, मित्रांनो. सांगणं मला कुणी शिकवलं नाही, आणि माझ्या मालकांनाही कुणी शिकवलं नव्हतं.

परत येताना शालनताईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. दहाव्याला पिंपळाखाली उभ्या असताना त्या मनात म्हणाल्या होत्या, त्र्यंबक, झालं ते झालं, जा आता. आणि डोळे उघडले तर कावळा पिंडावर. स्वानंद म्हणाला, पण आत्या, मी यंत्राचं बोललो तेव्हाच तो आला. दोघांनी त्यावर थोडा वाद घातला. वासंतीबाई मध्ये पडल्या नाहीत. त्या बऱ्याच दिवसांनी समोरच्या पाण्याकडे नुसतंच पाणी म्हणून बघत होत्या.

तेव्हापासून माझी कुरकुर थांबली आहे. वारा नसला की मी फिरत नाही. वासंतीबाई दुपारी झोपतात. आता महिन्यातून एकदा त्या आंबिवलीला जातात, आणि दोघी नणंद-भावजया, म्हणे, नदीवर जाऊन बसतात. तिथे काय बोलतात ते मला कळायला मार्ग नाही.

तर मित्रांनो, तुमच्या घरातली जुनी यंत्रं जपा. त्यांना पुसत जा, हळदकुंकू वाहा, पण जपून वाहा. ती जे पाहतात ते त्यांना सांगता येत नाही. तुम्हाला येतं. तेव्हा तुम्ही कप्तानाला विचारलं असेल, तर घरी येऊन तसं सांगत जा. विचारलं आणि नाही म्हणाला, एवढंच. समोरचा समुद्र गुळगुळीत आहे म्हणून थांबू नका.

जाता जाता, कावळ्याचं. होडी घाटाला बांधताना महिपत आत्या-भाच्याचा वाद ऐकत होते. त्यांनी मध्येच सांगितलं की तो दहावा त्यांच्याही लक्षात आहे. पण तोवर स्वानंदचा फोन वाजला होता आणि दोघी बायका पायऱ्या चढत होत्या, त्यामुळे पुढचं वाक्य फक्त मी ऐकलं.

त्या सकाळी पलीकडच्या काठावर जवळा वाळत घातला होता आणि सगळे कावळे तिकडे होते.